पायताणाची पारख

मराठीत पायात घालायच्या वस्तूंना नावांची वाण नाही. वहाण, चप्पल, जोडा, पायताण, खेटर, सपाता, खडावा, बूट. आणि देवादिकांच्या व गुरूंच्या संदर्भात पादुका. यांपैकी पादुका तेवढ्या बाजूला काढल्या, तर उरलेल्या बहुतेक शब्दांना अपमानाची एक किनार आहे. कोणाची खेटराने पूजा होते, कोणी कोणाचे जोडे उचलतो, कोणी कचेरीत चपला झिजवतो. आणि माणसामाणसांतील उतरंड टिकवून धरायची असली, की पायीची वहाण पायीच बरी, हे वचन हाताशी असतेच. वस्तू जितकी अंगाजवळची आणि उपयोगाला जितकी अपरिहार्य, तितकी भाषेने ती हीन मानली. असे का झाले, याचे उत्तर व्याकरणात सापडणार नाही. ते गावगाड्यात शोधावे लागते. जी वस्तू हातात धरणे कमीपणाचे, आणि जी तयार करणाऱ्याचा स्पर्श त्याहून वर्ज्य, तिला भाषेने तरी मान कोठून द्यावा?

या शब्दांच्या पंगतीत अलीकडे ‘स्नीकर’ येऊन बसला आहे. त्याचे वैशिष्ट्य असे, की त्याने कोणाला शिवी देता येत नाही. स्नीकर झिजवले किंवा स्नीकर उचलले, असे अजून तरी कोणी म्हणत नाही. मूळ इंग्रजी शब्दही काही फार प्रतिष्ठित नव्हे. चार्ल्स गुडइयर याने १८४४ साली गंधकासह तापवून रबर टिकाऊ करण्याचे पेटंट अमेरिकेत घेतले. पुढे रबराच्या तळाचे कापडी बूट निघाले. ते घालून चालताना आवाज होत नसे, म्हणून चोरपावलांनी चालणाऱ्याचे नाव त्यांना मिळाले. ते खेळाचे बूट होते आणि दीर्घकाळ मैदानापुरतेच राहिले. जर्मनीतील हेर्त्सोगेनआउराख या लहानशा गावात दोन सख्खे भाऊ भांडून वेगळे झाले. एकाने १९४८ साली ‘पूमा’ काढली, दुसऱ्याने १९४९ साली ‘आदिदास’. १९६०च्या दशकात टेनिसच्या बुटाला कापडाऐवजी चामडे लागले. घोट्याच्या खालीच संपणारा, पांढरा, फारशी कलाकुसर नसलेला तो बूट आधी एका फ्रेंच खेळाडूच्या आणि नंतर स्टॅन स्मिथ या अमेरिकन खेळाडूच्या नावाने विकला गेला. खेळाडू निवृत्त झाले. बूट मात्र मैदान सोडून रस्त्यावर आला आणि रस्त्याचाच झाला.

मैदानावरचे चामडे आणि गावगाड्यातले चामडे यांच्यात आपणही भेद केलाच होता. चर्मकार कुटुंबात जन्मलेले पळवणकर बाळू यांनी १९११च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. चामड्याचा चेंडू त्यांच्या हातून इतर सर्वांच्या हाती जात असे आणि त्याला कोणाची हरकत नव्हती. चहा मात्र पुण्यात त्यांना मंडपाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे. हा दाखला विषयाला सोडून वाटेल. पण तो तसा नाही.

पूर्वीचे पायताण माणसाची ओळख सांगत असे. लाल पुणेरी जोडा एक सांगे, करकरणारी कोल्हापुरी दुसरे. काळा, चकचकीत, नाडीचा बूट कचेरीची पायरी सांगे, पांढरा कॅनव्हासचा बूट शाळेतील कवायतीचा वार. अनवाणी पाय तर सगळेच सांगून टाकीत. रोजच्या वापरातील चामडी स्नीकर असे काहीही सांगत नाही. तो कचेरीत चालतो, बाजारात चालतो, दवाखान्यात चालतो, नातवंडाच्या शाळेतही चालतो. त्यामुळे त्याची निवड सोपी व्हायला हवी होती. प्रत्यक्षात ती अवघड झाली आहे. पद, जात, ऋतू, प्रसंग यांपैकी काहीच निवड करून देत नाही म्हटल्यावर उरतात दोनच गोष्टी: पाय आणि चामडे. आणि या दोन्ही गोष्टी वाचण्याची विद्या ज्यांच्याकडे होती, त्यांना ती आपल्याकडे आहे हे सांगण्याची सोय या समाजाने ठेवली नव्हती.

नवी दिल्ली रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेला पहाडगंज आहे. स्थानकासमोरून निघणारा मेन बाजार हा येथील कणा. फाळणीनंतर मुलतानकडून आलेल्यांनी येथे धंदे मांडले, त्याची खूण ‘मुलतानी ढांडा’ या नावात आजही शिल्लक आहे. पुढे स्वस्तात भारत पाहायला निघालेले परदेशी तरुण येथील लॉजमध्ये उतरू लागले, आणि त्यांच्या पाठीवरच्या पिशव्यांना व पायांतल्या सपातांना गिऱ्हाईक समजून बाजाराने चामड्याच्या वस्तूंचा मोठा पसारा मांडला. मराठी माणसाला हा भाग परका नाही. नूतन मराठी शाळा येथे आहे, बृहन्महाराष्ट्र भवन येथे आहे. गाडीतून उतरून वळकटीसह थेट या बाजूला चालत आलेल्यांच्या पिढ्या दिल्लीत मुरल्या आहेत.

अशांपैकीच एक गृहस्थ चुना मंडीच्या बाजूला दोन खोल्यांत राहतात. सातारा जिल्ह्यातील एका खेड्यातून १९७६ साली, केंद्र सरकारच्या कारकुनी परीक्षेच्या बळावर ते दिल्लीत आले आणि २०१४ साली सेवानिवृत्त झाले. नोकरीत असताना काळा बूट, घरी आल्यावर कोल्हापुरी, एवढाच त्यांच्या पायांचा इतिहास. मागील थंडीत गुडघा बोलू लागला. डॉक्टरांनी सपाट, कडक तळाची वहाण बंद केली. टाच धरून ठेवणारे, मऊ तळाचे, नाडीने आवळता येणारे काहीतरी वापरा म्हणाले. “आबा, तुम्ही स्नीकर घ्या,” असा निकाल नातीने दिला. तिने आणून दिलेला जाळीदार कापडी बूट त्यांनी आठवडाभर वापरला आणि सोडून दिला. जानेवारीच्या पहाटे त्यातून वारा शिरे, आणि मेन बाजारात कोणी दुकानापुढे पाणी ओतले की मोजा ओला होई. पण खरी तक्रार वेगळी होती. कापड पायाची ओळख ठेवत नाही, असे त्यांचे म्हणणे. चामडे ठेवते. महिनाभरात ते चवड्यापाशी जेथे वाकायचे तेथे वाकायला शिकते, करंगळीला जेथे जागा हवी तेथे हटते. हे त्यांनी नातीला सांगितले. ते आपल्याला कसे ठाऊक, हे मात्र सांगितले नाही.

त्यांचे आजोबा आणि वडील गावचे चांभार होते. बारा बलुतेदारांतील हे बलुते. वर्षाकाठी खळ्यावर मिळणाऱ्या धान्याच्या बदल्यात घरटी वहाणा करायच्या, सांधायच्या, आसूड आणि बैलांचे पट्टे पुरवायचे; आणि सर्वांत मोठे काम मोटेचे. विहिरीतून पाणी उपसणाऱ्या मोटेला अखंड, भक्कम चामडे लागे. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात दिवसेंदिवस मुरवून ते कमावले जाई. विहिरीवर इंजिने आली, मागून विजेचे पंप आले, आणि मोट अडगळीत गेली. चर्मकाराचे निम्मे काम त्या आवाजात बुडाले. उरलेले कारखान्याच्या चपलेने आणि रबरी स्लीपरने नेले. १९७२च्या दुष्काळात वडिलांनी रापी आणि आरी एका फडक्यात बांधून ठेवली ती परत सोडली नाही. या कुटुंबाची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे: आजोबा पंचक्रोशीला वहाणा पुरवीत, पण चावडीपुढून जाताना स्वतःची वहाण काढून हातात घेत. महाराष्ट्रातील कितीतरी गावांत अस्पृश्य मानलेल्यांवर हाच नियम होता. त्यात विशेष काही नाही, आणि तेच त्यातील भयंकर.

दिल्लीने या गृहस्थांना एक मोठी देणगी दिली. त्यांचे आडनाव येथे कोणाला वाचता येत नसे. गावाकडे घरचे काय करतात, असे कचेरीत कोणी विचारले तर ‘खेती’ हे उत्तर पुरे होई. अडतीस वर्षे ते पुरले. याला लबाडी म्हणण्याचा अधिकार ज्यांना आडनाव लपवावे लागले नाही त्यांना नाही.

मेन बाजारातील पहिल्या दुकानात त्यांना नावांचा ढीग दिसला. तीन पट्ट्यांचे, झेप घेणाऱ्या श्वापदाचे, बाकदार खुणेचे. जगातील सगळी भांडणे एकाच फळीवर नांदत होती. “बाबूजी, फर्स्ट कॉपी है, कोई पहचान नहीं सकता,” दुकानदार म्हणाला. नक्कल हाच जिचा गुण, अशी ही बाजारातील श्रेणी मोठी मजेदार आहे. साहित्यातही तिला गिऱ्हाईक असते. गृहस्थांनी बूट हातात घेतला, वरच्या कडेपाशी अस्तर जरासे उलटे करून पाहिले आणि खाली ठेवला. कापलेल्या कडेला तंतू दिसत नव्हते. कापडावर चढवलेला प्लास्टिकचा पापुद्रा दिसत होता.

दुसरे दुकान गल्लीच्या तोंडाशी, अरुंद. येथे खुणा नव्हत्या. आग्र्याहून आलेला साधा माल होता, पांढरा, तपकिरी आणि काळा. दुकानाच्या पायरीवर एक वयस्क कारागीर दुरुस्तीचे सामान मांडून बसला होता. आग्रा हे उत्तर हिंदुस्थानातील बुटांचे मोठे केंद्र. तेथील घराघरांतून वरचे भाग शिवले जातात, फर्म्यावर चढतात आणि पेट्यांतून दिल्लीला येतात. बुटाच्या आत कारागिराचे नाव नसते. महाराष्ट्र आणि कर्नाटक यांतील आठ जिल्ह्यांच्या कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२५मध्ये ‘प्राडा’ या इटालियन कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात त्याच घाटाची चप्पल मांडली, तेव्हा सुरुवातीला कोल्हापूरचे नाव घेतले नव्हते. ओरड झाल्यावर तिने ते ऋण मान्य केले. आग्र्याच्या या पांढऱ्या बुटासाठी अशी ओरड करणारे कोणी नाही.

गृहस्थांनी जी निवड केली तिला जवळजवळ तासभर लागला, आणि ती पाहण्यासारखी होती. ते मुद्दाम संध्याकाळी गेले होते, कारण दिवसभर चाललेला पाय सकाळच्या पायाहून थोडा मोठा असतो. घालायचे तेच मोजे घातले होते. प्रथम त्यांनी बुटाचा चवडा अंगठ्याने दाबला. खऱ्या वरच्या थराच्या चामड्यावर बारीक, असमान सुरकुत्या उमटतात आणि अंगठा काढताच विरतात. खालच्या थराच्या चामड्याला रंगाचा जाड लेप दिला असला, तर सगळा पत्रा एकसंध वाकतो आणि वळीची रेघ मागे उरते. दोन्हींना बाजारात ‘असली चमड़ा’ म्हणतात, आणि गंमत अशी, की दोन्हींच्या बाबतीत ते खोटे नसते. कातडे जाड असते, ते आडवे चिरून त्याचे थर काढतात. केसांच्या बाजूचा थर टिकाऊ, आतला ठिसूळ. वासावर त्यांनी भरवसा ठेवला नाही. वास बाटलीतूनही मिळतो.

मग त्यांनी बूट उलटा केला. तळ वाटीसारखा होता, आणि त्याच्या कडेने टाका फिरला होता. टाका नुसता शोभेचा आहे की आतपर्यंत गेला आहे, हे पाहण्यासाठी आतील पातळ गादी उचलून बोटाने चाचपले. आत दोऱ्याची रांग लागली. नुसत्या गोंदावर उभा असलेला बूट काही मेलेला नसतो, पण दिल्लीच्या मे महिन्यात तापलेल्या रस्त्यावर त्याची परीक्षा होते, आणि एकदा उकलला की त्याला पुन्हा चिकटवण्याखेरीज इलाज नसतो. तळ रबराचा आहे याचीही त्यांनी खात्री केली. हलक्या पॉलियुरेथेनचे काही तळ वर्षानुवर्षे न वापरता पेटीत ठेवले तर हवेतील ओलीने आतून कुजतात आणि एके दिवशी पायाखाली भुगा होतो. जपून ठेवण्याने नष्ट होणारी ही वस्तू आहे. टाचेची मागील भिंत दोन बोटांत दाबून पाहिली, ती कोसळली नाही. बूट वाकवला, तो मध्यावर न वाकता चवड्यापाशी वाकला. पायही तेथेच वाकतो.

मापाचा प्रश्न राहिला, आणि येथे दुकानदाराचा व गृहस्थांचा मतभेद झाला. आठ नंबर लांबीला बरोबर, पण करंगळीपाशी आवळत होता. “नौ ले लीजिए, बाबूजी, चमड़ा है, बैठ जाएगा,” हा दुकानदाराचा तोडगा म्हणजे आपल्याकडील बहुतेक पायांचे प्राक्तन. हा नंबर आला इंग्लंडातून. तेथे एका जवाच्या दाण्याची लांबी म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा धरून मापे वाढवीत नेली. आपल्या जुन्या मोजणीतही जव होता. आठ यवांचे एक अंगुळ. परंतु आपण दाण्याची रुंदी धरली, त्यांनी लांबी. पायाच्या बाबतीत आपलीच दृष्टी अधिक उपयोगी पडली असती, कारण उणीव नेमकी रुंदीचीच आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशातील ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक लोकांच्या पायांची मापे यंत्राने घेतली, आणि भारतीय पाय पाश्चात्त्य पायापेक्षा रुंद असल्याचा निष्कर्ष काढला. त्यावरून ‘भ’ या नावाची स्वतंत्र मापपद्धती सुचवण्यात आली. तोवर रुंदीसाठी लांबी विकत घ्यायची, आणि पुढच्या रिकाम्या जागेत बोटे सरकू द्यायची, हा परिपाठ होता. गृहस्थ तसे करणार नव्हते. अडतीस वर्षांच्या काळ्या बुटाने त्यांच्या दोन्ही करंगळ्यांवर घट्टे ठेवले होते.

त्यांनी आठ नंबरचाच, पण दुसऱ्या फर्म्यावरचा तपकिरी बूट मागितला. दुकानदाराला प्रथम कळले नाही. पायरीवरच्या कारागिराला कळले. त्याने मान वर न करता आतल्या फळीकडे बोट केले. तो जोड पायात गेल्यावर अंगठ्याच्या पुढे बोटाच्या रुंदीएवढी जागा उरली, करंगळी मोकळी राहिली, टाच उचलली नाही. नाडी आवळल्यावर छिद्रांच्या दोन रांगा एकमेकींना चिकटल्या नाहीत, फार दूरही राहिल्या नाहीत; समांतर राहिल्या. रांगा भिडल्या तर बूट सैल, फाकल्या तर आवळ. गृहस्थ दुकानाबाहेर येऊन फरशीवर दहा पावले चालले, परत आले. नात म्हणाली, “आबा, पांढरा छान दिसतो की.” “पांढऱ्याला रोज पुसायला माणूस लागतो, बाळ,” ते म्हणाले. रंगाचा प्रश्न तेवढ्यावर मिटला.

पैसे मोजताना दुकानदाराने सहज विचारले, “आप इसी लाइन में थे क्या?”

हा प्रश्न त्यांना आयुष्यात प्रथमच कोणी विचारत होते. कचेरीत कोणी त्यांच्या हातात चामडे पाहिले नव्हते. तेथे विचारले जाई ते गाव, आणि गावाच्या मागे दडलेले दुसरे काही. येथे विचारणाऱ्याने त्यांचा अंगठा पाहिला होता. नात शेजारी उभी होती. तिला शेतीच ठाऊक होती.

“हमारे घर में बनता था,” गृहस्थ म्हणाले. “पिताजी बनाते थे। दादाजी भी।”

दुकानदाराने ‘अच्छा’ म्हणून सुटे पैसे परत केले. त्याच्या लेखी ती एक माहिती होती. नातीने आजोबांकडे पाहिले आणि काही विचारले नाही. पायरीवरच्या कारागिराने मात्र हातातले काम खाली ठेवले. तो आग्र्याचा, तीन पिढ्यांचा. “क्या बनता था, भाई साहब?” त्याने विचारले. या दुकानात बाबूजीचे भाई साहब व्हायला एवढेच लागले.

गृहस्थ त्याच्या शेजारी पायरीवर बसले. नवे बूट पायातच होते. मोट काय असते हे त्यांनी सांगायला घेतले. हिंदीत शब्द पुरेनात, तेव्हा हातांनी सांगू लागले: तोंड किती रुंद, सोंड किती लांब, शिवण कोठून कशी जाते, म्हणजे भरलेली मोट विहिरीच्या काठावर आपटली तरी उसवत नाही. कारागीर मध्येच अडवून विचारी, टाका एकेरी की दुहेरी, दोरा सुताचा की चामड्याच्या वादीचा, बाभळीच्या सालीत किती दिवस. गृहस्थांनी दिवस सांगितले. मग थांबून दुरुस्त केले. उन्हाळ्यात इतके, पावसाळ्यात त्याहून जास्त. नात तोवर जवळ येऊन उभी राहिली होती. बाजारात दिवे लागले, मागून येणाऱ्या सायकलरिक्षांना वाट देण्यासाठी तिघांनी पाय आत घेतले, आणि कारागिराने आपली आरी गृहस्थांच्या हातात दिली: कशी घालत होतात, ते दाखवा.